आदल्या संध्याकाळचं रिसेप्शन

एकाच बाजूचं ऐकून अक्कांनी कधी कुणाला दोष दिला नाही. ऑफिसातल्या भांडणात नाही, कोडमध्ये तर नाहीच. वेबसाइटसाठी वापरतात त्या पीएचपी भाषेतले तयार नियम फॉर्मचा एकेक रकाना तपासतात. दोन रकाने एकमेकांशी जुळतात का, हे पाहायचं तर नियम आपण लिहायचा आणि त्याच्या हाती अख्खा फॉर्म द्यायचा. हे मला बंगळूरला महादेवपुऱ्याच्या ऑफिसात माझ्या सीनियर म्हणून त्यांनीच शिकवलं. चूक कोणत्या रकान्याखाली दाखवू, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भांडण दोघांचं ना? मग दोघांखाली लिही."

अक्कांचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं. माझं पुणेरी मराठी ऐकून, बोलतोयस की नोटीस वाचतोयस, असं विचारायच्या आणि आपल्या डब्यातला अर्धा भात मला वाढायच्या.

राजाजीनगरातल्या एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं काम आमच्याकडे आलं. रिसेप्शनची तारीख लग्नाच्या आधीची असेल तर फॉर्म नाकारायचा, असा नियम मी मोठ्या ऐटीत लिहिला. अक्का मुलीच्या लग्नाच्या गडबडीत रजेवर होत्या. मी तो कुणालाच दाखवला नाही.

बुकिंग सुरू झालं त्या सकाळी त्यांचाच फोन. मुलीसाठी त्यांना तेच कार्यालय हवं होतं आणि फॉर्म काही केल्या पुढे जात नव्हता.

"इथे रिसेप्शन आदल्या संध्याकाळी असतं रे," त्या हसत म्हणाल्या. "पुण्याचं लग्न बंगळूरला लावलंस की."

तुमचं बुकिंग मी फॉर्म टाळून थेट डेटाबेसमध्ये घालतो, असं बोलून गेलो. त्यांचं हसू थांबलं.

"नको. बाकीचेही अडकलेत. आधी सगळ्यांसाठी नीट कर, मग मी भरते."

मी नियम दुरुस्त केला. पण अक्कांचा फॉर्म भरून होईपर्यंत त्यांच्या मुहूर्ताची तारीख दुसऱ्या कुटुंबाने घेतली होती. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होतो. "सरी, बरं, सोड आता," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लग्न जे. पी. नगरच्या एका लहान कार्यालयात झालं. आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला मी तोंड लपवत गेलो, तर अक्कांनी मला व्याह्यांसमोरच उभं केलं. "ह्याच्या कृपेने इथे आलो. आचारी बघा कसा झकास मिळाला!" व्याही हसले. माझ्या पानात मात्र अक्का होळिगे, म्हणजे तिथली पुरणपोळी, वाढतच राहिल्या.

आता त्या निवृत्त झाल्यात. ओळखीचं कुणी फॉर्ममध्ये अडलं, की माझा हात अजूनही आधी डेटाबेसकडेच जातो. खोटं कशाला सांगू? मग तो मागे घेतो आणि मुकाट्याने नियम उघडून बसतो.