सभागृहाची हवा

माझा मामा चंद्रावरच्या आमच्या वस्तीत हवेचा मेकॅनिक. सभा असली की कंपनीच्या हुकमावरून तो सभागृहाचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. विरळ हवेत माणसं जांभया देतात, भांडत नाहीत. मग कंपनीचाच माणूस बिनविरोध प्रमुख व्हायचा. आमच्याकडे याला निवडणूक म्हणत.

यंदा कंपनीने गाशा गुंडाळला आणि वस्ती आमची झाली. पहिल्या मोकळ्या सभेत आईला कितीतरी बोलायचं होतं. ती उभी राहिली, जांभई दिली आणि खाली बसली. जुनाच प्रमुख पुन्हा बिनविरोध आला. मला चीड यायला हवी होती, पण जांभईच आली.

घरी जाताना मी विचारलं, "मामा, आज कोणी सांगितलं होतं आवळायला?"

तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला.

"कोणी नाही गं," म्हणाला. "सभा होती ना."