एकाच दिवसाचे चार स्वेटर

माझ्या दादाने मला फसवलं, तेही आईला हाताशी धरून. हे मला कळलं तोक्योच्या खाडीखालच्या बोगद्यात, हलायचं नाव न घेणाऱ्या टूर बसमध्ये.

काही वर्षांपूर्वी आई उन्हाळाभर दादाकडे इंग्लंडला होती. अधूनमधून एखाद्या रविवारी घरच्या ग्रुपवर तिचा फोटो यायचा. दगडी कुंपणाशी मेंढ्यांसोबत, पांढऱ्या कड्याखाली, बाकावर आइस्क्रीम खाताना. दर वेळी वेगळा स्वेटर. खाली दादाचं वाक्य, 'आज आईला फिरवून आणलं.' मी तेव्हा इकडे तोक्योतल्या निशी-कसाईत माझं किराण्याचं दुकान उभं करत होते, तांदळाची पोती स्वतः उचलत होते. प्रत्येक फोटो मला टोमण्यासारखा लागायचा.

यंदा आई माझ्याकडे आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं. ती सातव्या मजल्यावर, एसी चालू, खिडक्या बंद. पाट्या वाचता येत नाहीत म्हणून एकटी खाली उतरायची नाही. परतीला आठवडा उरला तेव्हा मी एक रविवार दुकान बंद ठेवलं आणि खाडीपलीकडच्या चिबाच्या किनाऱ्याची बस टूर घेतली. जाहिरातीत इंग्लिश खेड्यासारखी बाग होती आणि समुद्रही. मला एका दिवसात दादाची बरोबरी करायची होती.

निघताना आईने पिशवीत दोन स्वेटर कोंबले.

"आई, ऑगस्ट आहे. इथे सावलीतसुद्धा घाम निथळतो."

"असू देत गं."

बागेतलं लॅव्हेंडर वाळून गेलं होतं. समुद्रावर पंचवीस मिनिटं मिळाली, त्यातली दहा टॉयलेटच्या रांगेत गेली. आई बांधावर बसली, चपला काढल्या. मी फोन वर धरला तशी तिने त्या उन्हात तांबडा स्वेटर चढवला. एक फोटो झाल्यावर म्हणाली, "थांब, आता निळा घालते."

"कशाला?"

"वेगळ्या दिवसाचा वाटायला हवा ना."

तेवढ्यात गाइडबाईंचा छोटा झेंडा हलला. मी धावत जाऊन दहा मिनिटं मागितली, मग पाच. बदल्यात पुढच्या सुक्या मासळीच्या दुकानातली चाळीस मिनिटं सोडायला तयार होते. बाईंनी मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला आणि हसल्या. इथे याचा अर्थ विषय संपला. बसमधले सगळे जागेवर बसून आमच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. आईचे पाय पाण्याला लागलेच नाहीत.

परतताना बोगद्यात बस अडकली. वर समुद्र, पुढे लाल दिव्यांची रांग.

"दादाकडे किती वेळा गेला होतात समुद्रावर?" मी विचारलं.

"एकदाच. सकाळी मेंढ्या, दुपारी समुद्र. झुडपाआड जाऊन चार स्वेटर बदलले मी. थंडी वाजत होती."

"आणि बाकीचे रविवार?"

"पोरं लहान होती, सुनेची ड्यूटी. घर कोणी बघायचं? खिडकीतून बाग दिसायची की."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फोनवर म्हणायचीस, मजा आहे बाई तुझी. मग काय सांगणार?" तिने निळ्या स्वेटरची घडी मांडीवर सारखी केली. "तुलाही लागतील म्हणून आणले."

माझं डोकं सणकलं. ओरडायला जागा नव्हती. बस गप्प होती. आई वर छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे आत्ता आपण समुद्रातच आहोत म्हण."

तांबड्या स्वेटरचा तो फोटो मी ग्रुपवर टाकलेला नाही. टाकणारही नाही.

दादा, तिच्या त्या उन्हाळ्यातले बाकीचे रविवार कुठे गेले, ते ग्रुपवर लिही, सगळ्यांसमोर. मग माझ्या सातव्या मजल्यावरच्या तीन महिन्यांचं मला विचार, मी सांगेन. पण आधी तू.