घोंगडीखालचा लाल पाईप

आता टर्बोच्या गाड्या आल्यात. काही हौशी लोक इंजिनातून निघणाऱ्या धुराचा ताप दाखवणारा काटासुद्धा बसवून घेतात. नातवाने मला तो काटा दाखवला तेव्हा हसू आवरेना. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास आमच्या डिझेल ट्रकला असला काटा कुठला? एका दिवसापुरता तो काटा म्हणजे माझी सासू होती.

ट्रक मालकाचा, मी ड्रायव्हर. घाटात गाडीला धाप लागते म्हणून मी चाकणच्या मिस्त्रीकडून इंजिनात डिझेल सोडणारा पंप वाढवून घेतला. गाडी पळायला लागली, पण काळा धूर ओकायला लागली आणि थोड्याच दिवसांत जास्त तापून एक पिस्टन वितळला. मालक म्हणाला, “पुन्हा इंजिन जाळलंस तर किल्ली ठेव आणि घरी बस.” घरी बायको आणि नुकतंच जन्मलेलं लेकरू. बसून चालणार होतं का? तरी पंप कमी करायला मन होईना, ताकदीची चटक लागली होती ना! मग मिस्त्रीने सांगितलं, पायाजवळची फळी काढ आणि धुराच्या पाईपवर नजर ठेव. काळपट लाल आहे तोवर ठीक, नारिंगी झाला की ॲक्सिलरेटर सोड आणि गिअर खाली घे. भर उन्हात तो रंग दिसायचा नाही, म्हणून क्लीनर डोक्यावरून घोंगडी घेऊन वाकून बघत बसायचा.

त्या दिवशी क्लीनर तापाने फणफणला होता. सासूबाई लेकीचं बाळंतपण उरकून मंचरला परत निघाल्या होत्या आणि मीही सिमेंट घेऊन त्याच रस्त्याने. म्हटलं, मामी, तेवढी घोंगडी घ्या. काय बघायचं ते समजावून सांगितलं. बिचारीने मान डोलावली. पण आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलायची नाही. बोललीच तर पदराआडून, भलत्यालाच सांगितल्यासारखं. जावयाला हुकूम सोडणं तर लांबच राहिलं. हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

खेड सुटलं, घाट लागला. मागून एसटी हॉर्न मारायला लागली. एसटीला पुढे जाऊ देणं माझ्या अगदी जिवावर यायचं. दाबला ॲक्सिलरेटर तळापर्यंत.

घोंगडीतून बारीक आवाज आला, “लाल झालंय जनू.”

“लाल चालतंय, मामी!”

जरा वेळाने पुन्हा, “चुलीतल्या इंगळावानी दिसतंय बाई. आमी काय सांगावं? ज्यांचं त्यांनी बघावं.”

“अहो, नारिंगी आहे का ते सांगा ना!” मी खेकसलो. करपल्याचा वास मलाही आला, पण म्हटलं, एवढं वळण काढू, मग बघू.

तेवढ्यात घोंगडी भिरकावली गेली. “आरं ए मुडद्या, सोड की! जळतंय सगळं!” आणि माझ्या नडगीवर अशी लाथ बसली की पाय ॲक्सिलरेटरवरून उडालाच. कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. एसटी बोंबलत पुढे निघून गेली. जा बाई, जा.

तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नसतं. ते तसंच चालू ठेवून मी बॉनेटपाशी कान दिला. माझीच छाती एवढी धडधडत होती की दुसरं काही ऐकू येईना. मग हळूहळू ऐकू आलं. सगळे ठोके एकसारखे, एकही चुकत नव्हता. हुश्श! तिथेच मातीत बसलो. डोळ्यांतून पाणी आलं, खोटं कशाला सांगू? नोकरी वाचली होती.

वर सासूबाई तोंडावर पदर घेऊन हुंदके देत होत्या. “जावयाला पाय लागला. कुठं फेडू हे पाप!”

“मामी, आधीच का नाही हाणलीत?” मी म्हणालो. रडता रडता त्यांना हसू फुटलं.

पाईप काळा पडेपर्यंत आम्ही थांबलो. मग निघालो. पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. चढ जरा सोपा वाटला तसा मी म्हणालो, “आता तिसरा टाकतो.”

“काय नको. हाय त्यातच ऱ्हाऊ दे,” घोंगडीतून हुकूम आला.

मी मुकाट्याने हात मागे घेतला.