आंबट गोळ्यांचा गुण

सत्तर सालानंतरची गोष्ट. कुरुंद्यात माझ्या सासऱ्यांना गुडघेदुखीपायी अफूची सवय लागली होती. वसमतच्या डॉक्टरांनी ती बंद करायला लावली आणि अफू सुटतानाची तकलीफ कमी व्हावी म्हणून व्हिटॅमिन सीच्या नारंगी गोळ्या दिल्या. असल्या गोळ्या तर लेकरं चिंचा-बोरांसारख्या चघळत. तसल्या गोळ्यांनी अफू सुटते, हे मला काही केल्या पटेना.

सुरुवातीला सासरे सारख्या जांभया देत, नाक गळे, पाय झाडत तळमळत. मग एकाएकी शांत झाले. पोटभर जेवू लागले, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोळ्यांचा गुण सांगू लागले. सगळे माना डोलवत होते. माझ्या डोक्यातला किडा मात्र वळवळतच राहिला.

त्याच सुमारास जावेचं तान्हं लेकरू बिघडलं. जाऊ कापूस वेचायला जाताना त्याला अफूचं बोट चाटवायची; तेव्हा घरोघरी तीच रीत होती. मग ते दिवसभर झोळीत निपचित पडायचं आणि सासरे झोका द्यायचे. आता बोट चाटवूनही ते जांभया देई, नाक गळे, पाय झाडून टाहो फोडी.

"दृष्ट लागली," जाऊ म्हणाली.

मी तिची अफूची डबी उघडून थोडं जिभेला लावलं. आत काळा गूळ मळून ठेवलेला!

ती डबी मी सासऱ्यांपुढे आदळली. म्हणलं, "मामा, एक आंबट गोळी ह्या लेकराला बी द्या की. तुमाला तर लई गुण आला न्हाई का!"