अस्वलांच्या किनाऱ्यावर बाबांचं पान

काळजी करणं हा माझा मुख्य धंदा; मारतहळ्ळीतली आयटीची नोकरी हा जोडधंदा. त्यामुळे आईला घेऊन अलास्काच्या किनाऱ्याने गाडीतून फिरायचं ठरलं, तेव्हाच माझी झोप उडाली. हिमनद्या, देवमासे, अस्वलं बघायची हौस खरं तर बाबांची. ते गेले आणि वर्षभराने आईच म्हणाली, "आपण दोघी जाऊन येऊ की."

तीन दिवस मी रस्त्याच्या उजव्या बाजूने, जीव मुठीत धरून गाडी चालवली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरावरून उतरलेला निळसर बर्फ. आई म्हणायची, "अगं, बघ की!" आणि मी नजर हलवायची नाही. वळणावर हरीण आलं तर? आईचं बीपी वाढलं तर? फोनला रेंजही नव्हती. हिमनदी मी धड पाहिली ती गाडी थांबल्यावर, तीही हँडब्रेक दोनदा तपासून.

चौथ्या दिवशी समुद्राकाठच्या एका लाकडी खोलीत उतरलो. मालकीणबाईंनी किल्लीच्या आधी ताकीद दिली. अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही. ओढ्यात मासे आलेत, अस्वलं रोज येतात, आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते. हे सगळं इंग्रजीत. आईला मी एवढंच सांगितलं, "बाहेर एकटी जाऊ नकोस." भ्यायला मी एकटी पुरेशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले तर आई खोलीत नव्हती. दार सताड उघडं, शेगडीवर भाताचं पातेलं. पितृपंधरवडा चालू आहे आणि आज बाबांची तिथी, हे मला तेव्हा आठवलं. तशीच अनवाणी बाहेर धावले.

ती मागच्या गवतात उभी होती. दगडावर कागदी ताटलीत बाबांचं पान वाढलेलं: दहीभात, वरण, घरून आणलेल्या पिठाचे वडे. समोरच्या झाडावर एक कावळा, आपल्याकडच्याच्या दुप्पट. मल्लेश्वरमच्या आमच्या गच्चीवर आजोबांचं पान ठेवायचा अवकाश, कावळे तुटून पडायचे. हा नुसता बघत होता.

आणि पलीकडे, ओढ्याच्या तोंडाशी, अस्वल मासा खात होतं.

"आई, आत चल."

"थांब की स्वल्प. कावळा शिवला नाही अजून."

"अस्वल आहे तिथं!"

"दिसतंय मला. ते त्याचं जेवतंय."

मी तिचा हात ओढला. ती हलेना. "त्यांचं काहीतरी राहिलंय गं मनात. असं टाकून कशी येऊ?"

मला रडू फुटायचं बाकी होतं. तिला स्वतःच्या जिवाची भीती घालून उपयोग नव्हता. आदल्या दिवशी गिळलेलं शेवटी बोलले, "त्याने हे खाल्लं तर त्याला गोळी घालतील, आई. आपल्या भातापायी."

आईने कावळ्याकडे पाहिलं, मग अस्वलाकडे. वाकून तिने ताटली उचलली. मला वाटलं, आत नेऊन टाकून देईल. पण तिने तिथेच घास कालवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. कावळ्यासाठी काढलेलं आमच्यात कुणी तोंडात घालत नाही. ती रडत होती, आणि एक शीतही खाली सांडू देत नव्हती.

दुसरा घास तिने माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं.