साखळी प्रार्थनेची मुकादम

गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या आणि बायपास करायचं ठरलं, तेव्हा मी एक वाक्य पाठ केलं: "देवावर सोडलंय." डॉक्टरांना तेच सांगितलं, फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यांना तेच, राजारामपुरीतल्या त्या दवाखान्याच्या लिफ्टवाल्यालासुद्धा तेच. लोकांना ते फार आवडायचं. माणूस श्रद्धेचा पक्का आहे, असं म्हणत ते खाली चहा प्यायला जायचे. मी आतून भ्यालेलो असायचो, पण त्याची चौकशी कुणी करत नव्हतं.

माझ्या बायकोनं मात्र काहीच कुणावर सोडलं नाही. तिनं साखळी प्रार्थना लावली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणावर मोठं संकट आलं की ही पद्धत आहे. एकेका घरानं एकेक तास वाटून घ्यायचा आणि त्या तासात आपापल्या घरी त्या माणसासाठी प्रार्थना करायची, म्हणजे दिवसभर खंड पडत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचे सगळे तास तिनं वाटून टाकले. मी जन्मभर फौंड्रीत पाळ्या लावल्या, पण माझ्या हाताखालची माणसं मला कधी इतकी घाबरली नव्हती.

पहाटेचा तास कुणी घेईना. तो आमच्या दूधवाल्या मामांनी मागून घेतला. मामा ख्रिस्ती नाहीत, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, त्या येळंला जागा म्याच असतोय की. फकस्त एक सांगा, डोळं मिटायलाच लागत्यात काय? धार काढताना डोळं मिटलं तर म्हस लाथ घालती."

बायकोनं जरा विचार केला आणि मामांना डोळे उघडे ठेवायची परवानगी दिली. अख्ख्या साखळीत तेवढी एकच सूट.

इथवर ठीक होतं. पण कामाला लावून गप्प बसेल तर ती माझी बायको कसली! त्या दिवशी सकाळी माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तिनं मोबाइल काढला आणि ज्याचा तास चालू असेल त्याला फोन करायला सुरुवात केली.

"सलाम. प्रार्थना चालू आहे ना?"

पलीकडची बाई म्हणाली, चालू आहे.

"मग फोन कसा काय उचलला?"

ही बातमी पुढच्या घरी पोचली असावी, कारण त्यांनी फोन उचललाच नाही. "झोपले बघा," असं म्हणून ही फोनवर फोन लावत सुटली. म्हणजे उचलला तर प्रार्थना थांबवलेली, आणि नाही उचलला तर माणूस घोरतोय. दुपारपर्यंत सगळी मंडळी देवाला सोडून हिच्या फोनची वाट बघत बसली होती.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, स्वभावानं गरीब. त्यांच्या तासाला त्यांनी फोन घेऊन हळूच सांगितलं, "बाई, मी गुडघ्यांवर आहे."

"मग राहा की. पण आधी ह्यांच्यासाठी मागा, सरकार आणि अधिकाऱ्यांसाठी मागनं. रविवारी चर्चमध्ये ह्यांचा नंबर येईपर्यंत तुमचा आवाज बसला होता."

मला राहवेना. "अगं, देवावर विश्वास आहे ना तुझा?"

"देवावर आहे. माणसांवर नाही," ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला.

संध्याकाळी मामा भेटायला आले. "काय काळजी करू नगासा," ते म्हणाले. "म्या सांगून ठेवलंय वरच्याला. म्हटलं, माणूस तोंडानं फटकळ हाय, पर दुधात पाणी हाय म्हणून कधी बोलला न्हाय." मी इतका हसलो की नर्सनं येऊन दम भरला.

मामा गेल्यावर वॉर्डबॉय आला आणि सकाळच्या तयारीसाठी माझी छाती भादरून गेला. त्या उघड्याबोडक्या छातीकडे ती बघेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुझा तास कुठला?"

ती मोसंबी सोलत होती. सोलून झालेली मोसंबी ती पुन्हा सोलायला लागली.

"मी घेतला नाही."

मला आधी हसूच आलं. सगळ्यांना कामाला जुंपलं आणि स्वतः मोकळी! तसं म्हणणारही होतो, पण तिचं तोंड बघितलं आणि राहिलो.

"बाकीच्यांनी मागितलं आणि नाही मिळालं, तर मला देवाशी जाऊन भांडता तरी येईल," ती म्हणाली. "मीच मागितलं आणि तो मलाच नाही म्हणाला, तर मग मी कुणाकडं जाऊ?"

यावर माझं पाठ केलेलं वाक्य काही कामाचं नव्हतं. "मला भीती वाटते गं," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो.

"मग आठवडाभर देवावर सोडलंय, देवावर सोडलंय, हे काय चाललंय?"

"लोकांना बरं वाटावं म्हणून."

"मला नाही वाटलं," ती म्हणाली आणि मोसंबी खाली ठेवली.

मग मीच तिचा हात धरून प्रार्थनेला सुरुवात केली. आमच्या घरात हे खातं कायम तिच्याकडं. "हे बापा, उद्याचं ऑपरेशन..."

"आधी उपकार मानायचे असतात," ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी उपकार मानले. मामांबद्दल मानले, म्हशीबद्दलही मानले. मग म्हणालो, हिची भीती घालव, आणि जमलं तर माझीही. एवढ्यावर माझं भांडवल संपलं.

तिनं हात सोडला नाही. मग तीच बोलायला लागली. "बापा, हा माणूस मला पाहिजे." एवढं तिनं फाडकन म्हटलं आणि थांबली. पुढं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. आम्ही लहानपणापासून ते म्हणत आलोय, तेही सवयीनं, एका दमात. त्या दिवशी ते तिच्या तोंडातून निघेना. बाहेरून जेवणाची गाडी खडखडत गेली, शेजारच्या खोलीतले पाहुणे निरोप घेऊन गेले.

"पण तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे," ती शेवटी म्हणाली, आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून मोठ्यानं रडली. आमेन म्हणायला मग मीच उरलो होतो. म्हटलं.