मिलवॉकीने काढलेला माणूस

टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे हाताने चेंडू फेकायच्या आणि घेऊन धावायच्या खेळात, एमिल सबादोश सव्वीस वर्षं एकच काम करत आला होता. समोरच्या संघाच्या सामन्यांचं चित्रण पुन्हा पुन्हा बघायचं आणि त्यांची खोड हुडकायची. माणूस कामाला चोख, पण संशयी इतका की विचारू नका. आपल्या खोलीतला कचरासुद्धा तो पिशवीत भरून घरी न्यायचा. न जाणो, एखादं चिटोरं मिलवॉकीच्या संघाच्या हाती लागलं तर! त्याची बायको मार्गिट चारचौघांत सांगायची, "लग्नात 'हो' म्हणायच्या आधीसुद्धा ह्याने मागे वळून बघितलं होतं, कोण ऐकतंय म्हणून."

त्या मिलवॉकीने टोलेडोला ओळीने अकरा वेळा धूळ चारली होती. बारावा सामना रविवारी होता. मंगळवारी मिलवॉकीने कॉर्डेल पिटमन नावाच्या खेळाडूला काढून टाकलं आणि बुधवारी टोलेडोने त्याला उचललं. ह्या धंद्यात हे सर्रास चालतं. शत्रूने काढलेला गडी ठेवून घ्यायचा आणि त्याच्या पोटातलं काढून घ्यायचं. कोच हॅनिगनने त्याला तोंडावर सांगितलं, "तुझी माहिती कामी आली तर मोसमभर राहा. नाहीतर सोमवारी वाट धर."

कॉर्डेल अलाबामाचा, अघळपघळ बोलणारा, वडीलधाऱ्यांना 'मिस्टर' लावणारा. एमिलच्या खोलीत येऊन तो म्हणाला, "मिस्टर एमिल, त्यांचा ब्रिकर आहे ना, डावीकडे अडवायला उभा राहतो तो? त्याची मागची टाच बघा. उचललेली असली की ते चेंडू घेऊन धावणार. टेकलेली असली की फेकणार. दोन वर्षं त्याच्या शेजारी उभा होतो मी."

"आणि हे आजवर कुणालाच दिसलं नाही?"

"टाचेकडे कोण बघतं, मिस्टर एमिल?"

हे एमिलला झोंबलं. टाचेकडे बघण्याचाच तर पगार खात होता तो! त्याने दार लावून मोसमाचं सगळं चित्रण काढलं. चौऱ्याण्णव वेळा टाच नीट दिसत होती आणि चौऱ्याण्णव वेळा कॉर्डेल बरोबर होता. दुसरा कुणी असता तर नाचला असता. एमिल मात्र उठून दाराची कडी तपासून आला. माणूस इतका बिनचूक असतो का कधी? हे पढवून पाठवलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी मिलवॉकीची अशीच एक खूण टोलेडोवाल्यांनी खरी मानली होती, आणि ऐन वेळी ती उलटी करून मिलवॉकीने त्यांचं हसं केलं होतं.

शुक्रवारी दुपारी गाड्यांच्या तळावर कॉर्डेलला फोनवर बोलताना एमिलने ऐकलं. "सांगितलं गं सगळं. पण म्हातारा विश्वास ठेवतोय की नाही, कळत नाही." पलीकडे बाई होती हे उघड होतं. पण मिलवॉकीच्या कचेरीत बायका नसतात की काय?

तो तडक हॅनिगनकडे गेला. "कोच, हे आमिष आहे. पोरगा पाठवलेला आहे."

हॅनिगनने मान खाजवली. "बरं. टाच विसरायची. पण तू वरून नजर ठेव. खरी निघाली तर माझ्या कानात सांग."

रविवारी एमिल वरच्या काचेच्या खोलीत दुर्बीण घेऊन बसला, हॅनिगनच्या कानातल्या यंत्राशी बोलायचं बटण अंगठ्याखाली. टाच उचलली, धावले. टाच टेकली, फेकला. पहिल्या अर्ध्यात एकोणीसपैकी एकोणीस. एमिलने दुर्बीण पुसून पुन्हा लावली. पोरगा खरं बोलत होता.

मध्यंतरात हॅनिगनने विचारलं, "काय म्हणते टाच?"

"अजून नक्की सांगता येत नाही, कोच."

का म्हणाला तो असं? शहाणपण अंगाशी आलं होतं, आणि ते कबूल करायला त्याची जीभ रेटेना. एवढंच. मनाला मात्र त्याने बजावलं की मिलवॉकीने डाव शेवटासाठी राखून ठेवला असेल.

शेवटची दोन मिनिटं. टोलेडो दोन गुणांनी पुढे. मिलवॉकीचा हा अखेरचा प्रयत्न, आणि चेंडू आपल्याकडे राखायला हवा होता फक्त एक यार्ड. एका यार्डासाठी कोणीही चेंडू घेऊन घुसतो, म्हणून टोलेडोचे सगळे गडी पुढे सरकले. एमिलने दुर्बीण लावली. ब्रिकरची टाच हिरवळीवर सपाट टेकलेली होती. अंगठा बटणावर होता, 'फेकणार' हा शब्द ओठांवर होता. एमिल बोलला नाही. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून मागे मोकळ्या सुटलेल्या गड्याच्या हातात गेला, तो थेट शेवटच्या रेषेपार धावला आणि टोलेडो बाराव्यांदा हरलं.

सोमवारी कॉर्डेल संघाचं सामान परत करून निरोप घ्यायला एमिलच्या खोलीत आला. "मिस्टर एमिल, काल टाच बघितलीत का?"

"नाही रे. कोन बरोबर मिळाला नाही."

"मग माझीच चूक झाली असेल." त्याने हात पुढे केला. "बायकोला कळवतो, इकडे यायला सामान बांधू नको म्हणून. बुधवारपासून रोज फोनवर विचारत होती बिचारी."

एमिलने हात मिळवला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. पोरगा दाराबाहेर पडतोय तोच हॅनिगन आत आला.

"काय, पाठवलेलाच होता ना?"

कॉर्डेलची पावलं अजून जिन्यात वाजत होती. हाक मारली असती तर थांबला असता.

"हो, कोच."

"वाटलंच," हॅनिगनने त्याची पाठ थोपटली. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त असतो बघ."

"थँक्यू, कोच," एमिल म्हणाला.